तीस किल्ल्यांचा जुडगा

प्रेमकथेला पाऊस लागतो म्हणतात. आमच्या वाट्याला बहात्तर साल आलं, त्याला मी काय करणार? ढग रोज यायचे, भिंगारच्या बाजारावर घटकाभर सावली धरायचे आणि पुढाऱ्यांसारखी नुसती पाहणी करून निघून जायचे. तेव्हा या गोष्टीत पाऊस नाही. धूळ आहे, घाम आहे, आणि आजही आठवली की मान खाली जाते अशी माझी एक करणी आहे. ती मी लपवणार नाही. पण सुरुवात गोड झाली होती, ती आधी सांगते.

मी केशर. तेव्हा एकोणीस वर्षांची, नगरच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, आणि बोलण्यात कुणाला हार न जाणारी. माझे वडील, आप्पा, भिंगारला लष्कराच्या गोदामात स्टोअरकीपर होते. आई म्हणायची, या पोरीच्या जिभेला हाड नाही. आप्पा म्हणायचे, नसू दे, बक्षिसं तर तीच जीभ आणते.

ऑगस्टमध्ये कॉलेजच्या फळ्यावर वादविवाद स्पर्धेची सूचना लागली. स्पर्धा संगमनेरला, दसऱ्याच्या आठवडाभर आधी. विषय असा: ‘युरोपातील राष्ट्रांनी आपले सार्वभौमत्व राखावे की संरक्षण सामायिक करावे?’ इंग्लंड येत्या जानेवारीत युरोपच्या सामायिक बाजारात शिरणार, अशा बातम्या पेपरात येत होत्या. तेवढ्यावरून कुणा विद्वानाला हे सुचलं असावं. आमच्याकडे प्यायच्या पाण्याला रांग, आणि आम्ही ठरवणार फ्रान्स-जर्मनीने सैन्य एकत्र करावं की वेगळं ठेवावं. मला हसू आलं. पण फिरती ढाल चांदीची होती, म्हणून मी नाव दिलं.

नाव दिलं, पण माहिती कुठून आणायची? कॉलेजच्या ग्रंथालयात युरोप म्हणजे नेपोलियनपाशी संपायचा. मग मला पुंजारामचं दुकान आठवलं. पुंजाराम भिंगारच्या जुन्या बाजारातला रद्दीवाला. छावणीतल्या साहेबलोकांच्या मेसमधली इंग्रजी मासिकं जुनी झाली की त्याच्याकडे यायची. एका दुपारी मी तिथे जाऊन ढिगाऱ्यासमोर बसकण मारली. अर्ध्या तासाने एका मुखपृष्ठावर युरोपचा नकाशा दिसला. मी ओढलं, तर येईना. जोर लावून ओढलं, तरी येईना.

“सोडा की,” ढिगाऱ्यापलीकडून आवाज आला.

“तुम्ही सोडा. मी आधी पाहिलं.”

“म्या आधी धरलं.”

दोघांनीही सोडलं नाही. मासिकाच्या पिना मात्र म्हाताऱ्या होत्या. टर्रकन आवाज झाला आणि अर्धा युरोप माझ्या मांडीवर पडला. ढिगाऱ्याच्या वर एक डोकं आलं. सावळा, उंच मुलगा. सदऱ्याच्या खांद्यावर रद्दीची धूळ, हातात उरलेला अर्धा युरोप, आणि डोळे असे की समोरच्याने आधी बोलून घ्यावं म्हणून थांबलेले. मला तेवढंच हवं असतं. मी बोलून घेतलं. पाच मिनिटं बोलून घेतलं. तो ऐकत राहिला आणि शेवटी हसला.

“झाली का वाटणी?” पुंजाराम गल्ल्यावरून म्हणाला. “आता भांडू नका. अर्धं अर्धं न्या. रद्दीला काय, शेपूट काय अन् मुंडकं काय.”

दुसऱ्या दिवशी सरांनी स्पर्धेच्या जोडीला बोलावलं. प्रत्येक कॉलेजने दोघांना पाठवायचं, एक बाजूने बोलणार, एक विरुद्ध, आणि ढाल दोघांची मिळून. मी सरांच्या खोलीत शिरले तर तिथे तोच उभा. गहिनीनाथ. पाथर्डीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याच्या एका वस्तीवरचा, बोर्डिंगात राहून शिकणारा. चिठ्ठ्या टाकल्या. मला सार्वभौमत्व आलं, त्याला सामायिक संरक्षण.

“बरोबर आलं,” तो जिना उतरताना म्हणाला. “तुमी कालबी काई सोडत नव्हता.”

घरी जाऊन मी माझा अर्धा लेख वाचला. सहा देशांनी मिळून एकच सैन्य उभं करायचं, एकच गणवेश घालायचा, असं वीस वर्षांपूर्वी ठरलं होतं. कल्पना फ्रान्सची. लेख रंगात आला आणि पान संपलं: ‘परंतु ज्या देशाने ही कल्पना मांडली, त्याच देशाने...’ काय केलं त्याच देशाने? ते गहिनीनाथकडे होतं. आणि गंमत बघा, मला विरुद्ध बोलायचं होतं, म्हणजे मला शेवट हवा होता. त्याला बाजूने बोलायचं होतं, म्हणजे त्याला सुरुवात हवी होती.

ग्रंथालयाच्या मागच्या पायऱ्यांवर कडुनिंबाची जरा सावली असायची. तिथे आमचा तह ठरला. रोज एक पान द्यायचं, एक पान घ्यायचं.

“सगळंच द्या ना एकदम,” मी म्हणायची.

“अन् मग उद्या येणार का तुमी?”

“का नाही येणार?”

“न्हाई... युरोप संपला म्हंजे कशाला याल.” एवढं बोलून तो कानापर्यंत लाल व्हायचा आणि पायरीवरच्या मुंग्या मोजल्यासारखा खाली बघायचा.

शेवटच्या पानात कळलं, की फ्रान्सच्याच संसदेने दोन वर्षांनी ती कल्पना मोडून काढली. आपलं सैन्य दुसऱ्याच्या हाती द्यायला त्यांचा जीव धजला नाही. मी टाळी वाजवली. “बघा. घरच्यांनीच मोडलं. आपलं रक्षण आपण करावं, हेच खरं. मागच्याच डिसेंबरात आपण लढलो ते कुणाच्या सैन्यावर?”

“सगळ्यास्नी येकट्यानं न्हाई जमत,” तो म्हणाला. आणि मग त्याने त्याच्या वस्तीची गोष्ट सांगितली.

त्याच्या वस्तीवर तीस घरं. दसरा झाला की सगळी ऊसतोडीला जायची, गोदावरी-प्रवरेकडच्या कारखान्यांवर, ती थेट चैत्रात परत. घरांना कुलपं. आणि तिसाच्या तीस किल्ल्या एकाच माणसाच्या कमरेला. तो माणूस म्हणजे गहिनीनाथचे वडील, सहादेवतात्या. पूर्वी तेही तोडीला जायचे. उसाने भरलेल्या गाडीचं चाक पायावरून गेलं आणि ते वस्तीवर राहिले. गाड्या निघायच्या दिवशी ते मारुतीच्या पारावर लोखंडी जुडगा घेऊन बसत. तात्यांनी किल्ली मागायची नाही, हात पुढे करायचा नाही. जिच्या घराची किल्ली तिने आपल्या हाताने जुडग्यात ओवायची.

“आणि कधी काही गेलं नाही? सहा महिने? तीस घरं?” मी माझ्या सवयीने त्याच्या मागे लागले. “कधीच नाही? मग तुमचे वडील माणूस नाहीत, देवच आहेत.”

त्याने कडुनिंबाची एक काडी उचलली आणि तिचे तुकडे करत राहिला. मला वाटलं, मी जिंकले. मग अगदी हळू म्हणाला, “येकदा... गेलं व्हतं.”

तो सातवीत असतानाची गोष्ट. आई बाळंतीण, तात्यांना काम नाही, घरात दाणा नाही. तात्यांनी भागूबाई नावाच्या म्हातारीचं घर उघडलं. धान्याच्या कणगीचं तोंड शेणाने लिंपलेलं होतं, ते फोडून चार पायली बाजरी काढली आणि पुन्हा लिंपलं. पोतं गहिनीनाथने धरलं होतं. फाल्गुनात शेतातली ज्वारी आली, तेव्हा ती बाजारात देऊन तात्यांनी बाजरी आणली आणि म्हातारी परत यायच्या आत कणगी भरून ठेवली. वस्तीवर कुणाला कळलं नाही.

“पन तवापासून तात्या जुडगा कमरंला लावताना माझ्याकडं बघत न्हाईत,” तो म्हणाला. “हे म्या कुनालाच सांगितलं न्हाई. तुमी...”

“गळ्याशपथ,” मी म्हणाले, आणि खरंच गळ्याला हात लावला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी माझा रुमाल पुढे केला. त्याने तो घेतला नाही, पण त्याची बोटं माझ्या बोटांवर क्षणभर थांबली. त्या रात्री मी जेवले नाही. आईला वाटलं, पोट बिघडलं.

संगमनेरला आम्ही एस.टी.ने गेलो, सर, आम्ही दोघं, आणि गहिनीनाथच्या वस्तीवरचा, त्याच्याच बोर्डिंगात राहणारा मच्छिंद्र, टाळ्या वाजवायला. सभागृह गच्च भरलेलं. जिल्ह्यातली सगळी बोलकी तोंडं तिथे जमली होती आणि आदल्या वर्षी ढाल नेलेलं कॉलेज पहिल्याच रांगेत ऐटीत बसलं होतं.

आधी गहिनीनाथ उठला. मी त्याला पायऱ्यांवर अडखळताना ऐकलं होतं. इथे तो अडखळला नाही. युरोप त्याने दोन मिनिटांत संपवला आणि सरळ वस्तीवर आला. तीस घरं, एक जुडगा, किल्ली ओवणारे हात. “सार्वभौमत्व म्हणजे कुलूप नव्हे,” तो म्हणाला. “आपली किल्ली कुणाकडे द्यायची, हे ठरवण्याचा हक्क म्हणजे सार्वभौमत्व. आमच्या आयाबाया तो हक्क दर वर्षी स्वतःच्या हाताने बजावतात. युरोपला ते जमू नये?”

टाळ्या थांबेनात. परीक्षकांपैकी एक जण मान डोलावत लिहीत होता. खरं सांगते, त्या क्षणी मला त्याचा अभिमान वाटायला हवा होता. मला वाटली ती भीती. वैयक्तिक पहिलं बक्षीस गेलं, ही भीती. चौथीपासून ते कधी गेलं नव्हतं.

माझं नाव पुकारलं. फ्रान्सच्या संसदेचं सगळं पाठ होतं. मी सुरुवात केली, पण लोक अजून त्याच्या जुडग्यातच होते. कुणी खोकलं, कुणी कुजबुजलं. आणि मग मी ते बोलले.

“माझ्या सहकाऱ्यांनी गोष्ट अर्धीच सांगितली. उरलेली अर्धी माझ्याकडे आहे.” सभागृह शांत झालं. ती शांतता मला फार गोड लागली. “कुंपणच शेत खातं, अशी आपल्याकडे म्हण आहे. एका साली त्याच किल्लीवाल्याने एका म्हातारीचं घर उघडून तिची कणगी फोडली. आणि पोतं कुणी धरलं? त्याच्याच मुलाने. तो मुलगा आता मोठा झाला आहे, आणि लोकांना विश्वासावर व्याख्यानं देतो.”

सभागृहात हशा फुटला. बाकं वाजली, शिट्या पडल्या. घंटा झाली ती ऐकूसुद्धा आली नाही. हसणाऱ्यांत तिसऱ्या रांगेत मच्छिंद्रही होता. मग त्याचं हसणं थांबलं. तो गहिनीनाथकडे बघायला लागला. काय बोलून बसले ते मला त्याचा चेहरा बघून कळलं.

पहिल्या बक्षिसाचा चषक मला मिळाला. ढाल आमच्या कॉलेजला. ती घ्यायला दोघांना व्यासपीठावर बोलावलं. एक बाजू मी धरली, एक त्याने.

“अभिनंदन,” तो म्हणाला. “आपलं भाषण फार प्रभावी झालं.”

अगदी पुस्तकी मराठीत म्हणाला. माझ्याशी बोलताना तो कधीच तसं बोलत नसे. त्यापेक्षा त्याने मला चारचौघांत थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

परतीच्या एस.टी.त तो मागच्या बाकावर एकटा बसला. दुसऱ्या दिवसापासून कॉलेजात दिसला नाही. मी सरांना जाऊन सांगितलं, की ढाल परत करा. सर म्हणाले, “वेडी आहेस का? वादात सगळं चालतं.” त्या वाक्याने माझा जीव निवायला हवा होता. उलट जास्तच जळला.

पाचव्या दिवशी मच्छिंद्र गेटपाशी भेटला. त्याने माझ्याकडे नीट बघितलंही नाही.

“म्या घरी बोललो,” तो म्हणाला. “आमच्याबी घराची किल्ली त्या साली तात्यांकडंच व्हती. म्या तरी कसा गप बसू? आता वस्तीवर समद्यास्नी ठावं झालंय. कुनी काय बोलत न्हाई, पन तात्या पारावर यायचं बंद झालेत. म्हनत्यात, ह्या साली जुडगा धरनार न्हाई. टोळीसंगं उसाच्या फडात जानार.”

“पण त्यांचा पाय...”

“मंग? डोक्यावर मोळी घिऊन गाडीवर चढायचं त्या पायानं. गहिनीबी कॉलेज सोडतोय. बापासंगं जातो म्हनतो.”

घरी आप्पांनी माझा चषक रेडिओवर मांडून ठेवला होता, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. मी तो उचलून आत ठेवला आणि त्यांना सगळं सांगितलं, काही न वगळता. मला वाटलं, ओरडतील. ते चष्मा पुसत राहिले.

“माझ्याकडे गोदामाच्या बावीस किल्ल्या असतात,” ते म्हणाले. “तू तीन वर्षांची असताना तुला हिवताप झाला होता. थंडीने नुसती उडत होतीस. मी गोदामातली दोन घोंगडी घरी आणली होती. तुझा ताप उतरल्यावर नेऊन ठेवली. नोंद नाही, काही नाही.” मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. “हे तुला आधी सांगितलं असतं, तर तू ते कुठे बोलली असतीस, केशर?”

मला जमीन दुभंगावी असं वाटलं.

“दसऱ्यानंतर गाड्या कधी निघतात ते त्या मच्छिंद्रला विचार,” आप्पा म्हणाले. “आणि पाथर्डीची पहिली एस.टी. किती वाजता, तेही बघून ठेव.”

दसऱ्याच्या तिसऱ्या दिवशी आम्ही वस्तीवर पोचलो. फाट्यावर उतरून तासभर चालायचं. दोन्ही बाजूंना बाजरी वितभर वाढून वाळलेली, विहिरींच्या तळाशी नुसत्या भेगा. पण वस्तीवर माणसांची गर्दी होती. बैलगाड्या भरून उभ्या, गाडीखाली डालग्यात कोंबड्या, वर भांडी, चुलीचे दगड, पोरं. बायका घरांना कुलपं लावून पाराशी येऊन थांबल्या होत्या. किल्ल्या त्यांच्या मुठीत होत्या आणि कुणी पुढे होत नव्हतं.

पारावर सहादेवतात्या बसले होते. शेजारी रिकामा जुडगा आणि प्रवासाला बांधलेलं बोचकं. मागे गहिनीनाथ उभा. त्याने मला पाहिलं आणि तोंड फिरवलं.

येताना एस.टी.त मी ठरवून आले होते. खोटं बोलायचं. मी तरी दुसरं काय करणार? मी पारापाशी गेले. आप्पा मागे थांबले.

“मी केशर,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू येईना. “संगमनेरच्या स्पर्धेत ती गोष्ट मीच सांगितली. ती खोटी होती. जिंकण्यासाठी मी ती रचली. तात्यांनी तसं काही केलेलं नाही. मला माफ करा.”

एका गाडीचा बैल तेवढा मान हलवत होता. मग तात्या काठी टेकून उठले.

“न्हाई पोरी,” ते म्हणाले. “झाकू नगंस. खरी हाय ती गोष्ट.” ते बायकांकडे वळले. “म्या भागूबाईची कनगी फोडली व्हती. सा सालं झाली. तवाच सांगाया पायजे व्हतं. धीर झाला न्हाई.”

गहिनीनाथने डोळे मिटून घेतले. बापाची अब्रू अशी भर पारावर, उन्हात. आणि ती मी आणली होती. मी मेल्याहून मेल्यासारखी उभी राहिले.

“झालं का बोलून?” गर्दीतून एक म्हातारी पुढे आली. वाळकी, काटक, कपाळावर बंद्या रुपयाएवढं कुंकू. ती भागूबाई. “मला त्याच साली कळलं व्हतं.”

तात्यांनी वर बघितलं.

“माझी बाजरी गावठी, बारीक. कनगीत वर वर बाजारातली, टपुरी. अन् लिंपान असं, की गड्यानं लिंपलंय हे आंधळीलाबी कळंल.” कुणीतरी हसलं. ती हसली नाही. “चार पायली गेली असंल, पाच आली व्हती. चोर कुटं भर घालतो का रं? बाळंतीन बाई घरात, तू काय करशील? तवापासून सा साल किल्ली दिली मी तुला. ती काय तू देव हायीस म्हनून दिली व्हय? भूक लागली तर घेशील, अन् पिकलं की भरशील, येवढं ठावं व्हतं. तेवढं लई झालं.”

तिने तो जुडगा उचलला, आपली किल्ली त्यात ओवली आणि तात्यांच्या पुढ्यात ठेवला. मग ती माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता माझीही सुटका झाली.

“अन् पोरी तू,” ती म्हणाली. “ह्यानं भूक लागली म्हनून कनगी फोडली. ह्या पोरानं तुज्यापाशी मन उघडं केलं, ते तू बाजारात मांडलंस. तुला कसली भूक लागली व्हती?”

खोटं बोलायला तोंड उरलं नव्हतं. “टाळ्यांची, आजी,” मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघत राहिली. “भागली का?”

मी मान हलवली. नाही. त्यानंतर मी रडले, सगळ्यांसमोर, नाक पुसत, एखाद्या पहिलीतल्या मुलीसारखी. भागूबाईने ना जवळ घेतलं, ना हाकललं. तिच्यामागून दुसरी बाई पुढे आली, मग तिसरी. त्यात मच्छिंद्रची आईही होती. किल्ली ओवल्याचा आवाज मी खाली मान घालून ऐकत होते. दोघी-तिघींनी मात्र किल्ल्या कनवटीला खोचल्या आणि तशाच गाडीत जाऊन बसल्या. तात्यांनी आपलं बोचकं सोडलं.

फाट्यापर्यंत गहिनीनाथ आम्हाला पोचवायला आला. तात्यांनीच पाठवलं असावं. आप्पा मुद्दाम पुढे चालत होते आणि मध्येच थांबून वाळलेली ताटं बघत होते, जणू लष्कराने त्यांना पीकपाहणीलाच धाडलंय. गप्प राहणं मला येत नाही, तरी राहिले.

“कॉलेज?” मी शेवटी विचारलं.

“ह्या साली न्हाई. दुष्काळ हाय. चोऱ्यामाऱ्या वाढत्यात, तात्यांना येकट्यानं जमायचं न्हाई. त्येच माझं सामायिक संरक्षन,” तो म्हणाला. हसला नाही, पण ‘संरक्षन’ म्हणाला. त्या एका शब्दाने मला जरा श्वास घेता आला.

“मी तुमची माफी मागत नाही,” मी म्हणाले. “मागायची लाज वाटते. तुम्ही मला ते का सांगितलंत, गहिनीनाथ? नसतं सांगितलंत तर...”

तो थांबला. पायातल्या वहाणेने मातीचं ढेकूळ फोडत राहिला.

“त्या दिसी मला दुसरंच सांगायचं व्हतं.”

“काय?”

“तुमास्नी ठावं हाय काय ते.” त्याने माझ्याकडे बघितलं नाही. “चार दिस घोकून आलो व्हतो. पन तोंडातून निघंना. भ्या वाटलं. त्यापरीस... हे सोपं वाटलं.”

बापाची चोरी सांगणं सोपं वाटलं. मी त्या मुलाच्या तोंडातून ते काढून घेतलं, आणि चांदीच्या एका ढालीसाठी जगापुढे फेकलं. आणि तो मात्र त्याहूनही मोठं काही माझ्या हाती द्यायला आला होता. मला तिथेच रस्त्यावर बसावंसं वाटलं.

एस.टी.ची धूळ लांब दिसायला लागली. आप्पांनी मागे वळून बघितलं आणि पुन्हा पाठ केली.

“मग ते मी सांगते,” मी म्हणाले. संगमनेरचं सभागृह गाजवणारी मी, मला चार शब्द जुळवता येईनात. “मला... तुम्ही मला आवडता. पायऱ्यांवर बसायला लागलो तेव्हापासून. त्याच्याही आधी, पुंजारामच्या दुकानापासून. हे बोलायचा मला आता हक्क नाही, ते माहीत आहे. तरी बोलले.”

गाडी येऊन थांबली. आप्पा चढले, मी चढले. खिडकीशी बसले, तर तो खाली उभा होता, डोळे तसेच, समोरच्याने आधी बोलावं म्हणून थांबलेले. पण माझं बोलून झालं होतं.

“म्या अजून रागात हाय,” तो म्हणाला.

“असू द्या.”

“चैतापतोर राहीन.”

“राहा.”

कंडक्टरने घंटी ओढली. गाडी हलली तसा तो दोन पावलं बरोबर चालला आणि खिडकीच्या गजाला हात लावून म्हणाला, “आत्ता बोलल्यात ते... ते कुनालाबी सांगा. माझी ना न्हाई.”

आप्पांनी ऐकलं असणार. ते समोर बघत बसले. मी पदराने तोंड झाकून खिडकीबाहेरची वाळकी रानं बघत राहिले, आणि नगर येईपर्यंत मी एक शब्दही बोलले नाही.